एम.ए. इंग्लिशवाली

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मोठे काका पेढे खायला आमच्याकडे आले. पेढा तोंडात असतानाच त्यांनी विचारलं, "मग? आता पुढे काय?"

"बी.ए. करणार. इंग्लिश घेऊन," मी म्हटलं.

काकांचं चावणं थांबलं. हातातला अर्धा पेढा त्यांनी बशीत परत ठेवला. पुढच्या आयुष्यात माझे पुष्कळ अपमान झाले, पण अर्धा पेढा परत ठेवण्याइतका नेटका अपमान पुन्हा कुणाला जमला नाही.

"इंग्लिश ही काय शिकायची गोष्ट आहे?" ते बाबांना म्हणाले. मी समोरच बसले होते, तरी बाबांना. "भाषा आहे ती. एकतर येते, नाहीतर येत नाही. त्यात तीन वर्षं घालवायची म्हणजे पाणी कसं प्यायचं याचा डिप्लोमा करण्यासारखं आहे."

काका इंजिनियर होते. भोपाळच्या ज्या कारखान्यात ते साहेब होते, त्याच कारखान्यात बाबा टेक्निशियन. दोघे सख्खे भाऊ, दोघे अमरावतीहून आलेले. पण एकाला टाउनशिपमध्ये बाग असलेलं क्वार्टर आणि दुसऱ्याला दोन खोल्यांचं. पुढे बाबांनी अयोध्या नगरात घर बांधलं तेव्हा काका वास्तुशांतीला आले आणि "छान, सुटसुटीत आहे," असं म्हणून गेले. आमच्या घरात 'सुटसुटीत' हा शब्द त्या दिवसापासून शिवी म्हणून वापरतात.

त्या संध्याकाळी बाबा मोठ्या भावासमोर कधी नव्हे ते बोलले. "दादा, तिला इंग्लिशच करू दे."

काका गेल्यावर मला कारण कळलं. आईला ते आधीपासून माहीत होतं, मला नव्हतं. मी लहान असताना बाबांचं एक प्रमोशन अडलं होतं. मुलाखत होती. समोर तीन साहेब. त्यातले एक आपल्याच वर्ध्याचे, कॅन्टीनमध्ये बाबांना हाक मारून मराठीत गप्पा मारणारे. "त्या दिवशी मात्र त्यांना मराठी येत नव्हतं," बाबा म्हणाले. "हिंदीही येत नव्हतं. तिघांनाही एकदम इंग्लिशच यायला लागलं होतं. मला उत्तर ठाऊक होतं गं. पण वाक्य कुठून सुरू करायचं तेच सुचेना. मी 'येस सर' म्हणालो. मग पुन्हा 'येस सर' म्हणालो. ते हसले, मीही हसलो आणि बाहेर आलो."

बाबांना कवितेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा हिशेब सरळ होता. साहेब लोक ज्या भाषेत माणसाला गप्प करतात ती भाषा मुलीला आली पाहिजे. फाडफाड. हा त्यांचा आवडता शब्द. "तिथून पास होऊन आलीस की फाडफाड बोलशील बघ."

बाबांना बिचाऱ्यांना वाटत होतं की इंग्लिशच्या विभागात इंग्लिश बोलतात.

*

आमचे विभागप्रमुख सर वर्गात येत, खुर्चीवर टेकत आणि पिवळ्या पडलेल्या कागदांतून आम्हाला लिहून देत. लिहून दिलेलं इंग्लिशमध्ये असे, समजावून सांगणं हिंदीत. "तो बच्चों, राजा मर जाता है. क्यों मर जाता है? क्योंकि उसमें दोष है. लिखो, ट्रॅजिक फ्लॉ." आम्ही लिहीत असू. पाच राजे मेले, सगळ्यांना दोष होता. कुठल्या राजाला कुठला दोष हे गाइडमध्ये मिळत असे, आणि गाइड कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. पुस्तकं ग्रंथालयात होती, पण कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते बहुधा रजेवर असत. वर्षानुवर्षं मुलं मूळ पुस्तक न उघडता फर्स्ट क्लास मिळवत होती आणि मग स्वतः प्राध्यापक होऊन तेच कागद पुढच्यांना लिहून देत होती. याला आपल्याकडे परंपरा म्हणतात.

पहिल्या वर्षी मी एका चाचणीत स्वतःच्या मनानं उत्तर लिहिलं. सरांनी मला बोलावून घेतलं.

"ये कहाँ से लिखा?"

"सर, खुद सोचा."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते वडीलधाऱ्यासारखे हसले. "बेटा, परीक्षा में सोचने के नंबर नहीं होते."

दुसऱ्या वर्षी एक मॅडम आल्या. साकेत नगरहून स्कूटरवर यायच्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पिशवीत डबा आणि खडू. खडूसुद्धा स्वतःचे. त्या कायम नोकरीत नव्हत्या. आमच्याकडे अशांना 'अतिथी विद्वान' म्हणतात. दर वर्षी नव्यानं नेमायचं, घेतलेल्या तासांचे पैसे द्यायचे, सुट्टी लागली की पाहुण्यांनी आपापल्या घरी जायचं. मॅडम अशा पाहुण्या म्हणून कॉलेजामागून कॉलेज करत केस पिकेपर्यंत आल्या होत्या. अतिथी देवो भव म्हणतात ते इथे अक्षरशः पाळलं होतं. देवाला जसं जेवण नुसतं दाखवतात, तसा त्यांना पगार दाखवत.

पहिल्याच दिवशी त्या वर्गात येताना खालच्या भिंतीवरची एक सूचना सोडवून घेऊन आल्या. इंग्लिशमध्ये होती. पाण्याचा कूलर काढण्यात आला आहे, विद्यार्थ्यांनी सहकार्य करावं, असं काहीतरी. मॅडमनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "इस वाक्य में आदमी कहाँ है?"

आम्ही प्रश्नही वहीत उतरवून घेतला.

"कूलर काढण्यात आला," त्या आता इंग्लिशमध्येच, सावकाश बोलू लागल्या. "कुणी काढला? वारा आला आणि घेऊन गेला? वाक्यातून माणूस का नाहीसा झाला? शोधा."

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅम, कूलर तो हेड सर के केबिन में है."

वर्गात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "छान. आता हेच उत्तर इंग्लिशमध्ये, कर्त्यासकट."

मी इंग्लिश शिकले ती त्या दिवसापासून. पुढची वर्षं मॅडमनी आमच्याकडून पुस्तकं वाचून घेतली, स्वतःच्या घरची. प्रत्येकाला उभं करून बोलायला लावलं आणि चुकलं तर हसणाऱ्याला पुढचं वाक्य बोलायला लावलं. एम.ए.ला आम्ही जेमतेम बारा-पंधराजण उरलो. मी अडखळत, मग कमी अडखळत, आणि शेवटी न अडखळता बोलायला लागले. ही सगळी करामत एका पाहुणीची. कायम नोकरीतल्यांनी तोवर आणखी काही राजे मारले.

*

एम.ए. झाल्यावर कळलं की आपल्या शहरात या पदवीची किंमत ठरलेली आहे, फक्त ती सांगायला कुणी तयार नसतं. शाळांना बी.एड. हवं होतं. कॉलेजला त्यापुढच्या परीक्षा. लग्नाच्या बाजारात मात्र लगेच भाव आला. इंदूरच्या एका स्थळाची आई मला बघून झाल्यावर माझ्या आईला म्हणाली, "बरं झालं. नातवंडांच्या इंग्लिशच्या ट्यूशनचा प्रश्नच मिटला." अजून मुलगा माझ्याशी बोलला नव्हता आणि त्याच्या न झालेल्या मुलांचा अभ्यास मी घेऊ लागले होते. मी नकार कळवला. काकांना फार वाईट वाटलं. स्थळ इंजिनियर होतं.

मग कोलार रोडवरच्या एका क्लासमध्ये मला नोकरी मिळाली. 'स्पोकन इंग्लिश आणि पर्सनॅलिटी'. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान. मालकांना डायरेक्टर सर म्हणायचं. भर मेमध्ये ते टाय लावत आणि ओळख करून देताना 'मायसेल्फ' म्हणत. व्याकरणाशी त्यांचं वैर नव्हतं, ओळखच नव्हती. पण त्यांना एक गोष्ट पक्की समजली होती, जी आमच्या अख्ख्या विभागाला कधी समजली नाही. लोकांना इंग्लिश नको असतं. लोकांना इंग्लिश न येण्याची लाज घालवायची असते. त्या लाजेवर त्यांनी दोन मजले भाड्यानं घेतले होते.

मुलाखतीत त्यांनी मला दोन मिनिटं बोलू दिलं आणि म्हणाले, "मैडम, अंग्रेज़ी तो ठीक है. लेकिन ऐक्सेंट नहीं है."

"ऐक्सेंट तो है, सर. भोपाल का है."

"वही तो प्रॉब्लम है," ते कळवळून म्हणाले.

तरी घेतलं. माझे विद्यार्थी मात्र चांगले होते. बँकेत लागलेली मुलं, नर्सिंगच्या मुली, दुकानदार, एक-दोन माझ्या बाबांच्या वयाचे. मी त्यांना मॅडमसारखं शिकवायला बघायची आणि डायरेक्टर सर काचेतून घड्याळ दाखवायचे, कारण वेळापत्रकात त्या दिवशी 'हाऊ टू इम्प्रेस' असायचं.

घरी सगळ्यांना ठाऊक होतं की मी कुठल्याशा क्लासमध्ये शिकवते. काकांनाही. ते रिटायर होऊन कोलार रोडवरच्याच एका नव्या कॉलनीत मुलाकडे राहायला आले होते. कुठला क्लास, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायची गोष्टच नव्हती ती.

नव्या बॅचच्या आधी एका रविवारी पालकांसाठी डेमो होता. हॉल भाड्यानं घेतला, खुर्च्यांना पांढरे झगे, बाहेर फुग्यांची कमान. मला सांगितलं होतं की पाच मिनिटं इंग्लिशमध्ये बोलायचं. मी तयार होऊन, साडी नेसून, स्टेजवर बसले. डायरेक्टर सरांनी माइक हातात घेतला.

"और अब हमारी सीनियर फैकल्टी," त्यांनी हात पसरला, "जो सीधे लंदन से पढ़ाकर आई हैं!"

मी मागे वळून पाहिलं. मागे पडदा होता. लंडनची बाई मीच होते.

टाळ्या पडल्या. मी उठले, आणि उठताना मला तिसऱ्या रांगेत मोठे काका दिसले. शेजारी त्यांचा नातू, माझ्या चुलतभावाचा मुलगा. इंग्लिश ही शिकायची गोष्टच नाही म्हणणारे काका नातवाला इंग्लिश शिकवायला घेऊन आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी मला ओळखलं. मला वाटलं, संपलं. आता ते उभे राहून म्हणतील, ही कसली लंडनची, ही तर अयोध्या नगरची, माझ्या भावाची मुलगी.

काकांनी शेजारच्या गृहस्थांच्या दंडाला हात लावला आणि मला स्टेजवर ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं, "मेरी भतीजी है. सगी."

मी माझी पाच मिनिटं बोलले. चांगली बोलले. काका मान डोलावत होते. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि एका बाईंनी उभं राहून कौतुकानं विचारलं, "मैडम, लंदन में आप कितने साल रहीं?"

मी म्हटलं, "मैं लंदन कभी नहीं गई. मैं अयोध्या नगर से आती हूँ, बस बदलकर. जितनी अंग्रेज़ी आती है, यहीं भोपाल में सीखी है."

डायरेक्टर सरांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण माणूस धंद्यात उगाच नव्हता. ते माइक ओढून खदखदून हसले. "देखा आपने? इसको कहते हैं ब्रिटिश ह्यूमर!"

हॉलही हसला. प्रश्न विचारणाऱ्या बाई तर डोळे पुसत खाली बसल्या. मी पुन्हा म्हटलं, "नहीं, मैं सच कह रही हूँ," आणि टाळ्या पडल्या. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर मी एवढं स्पष्ट सत्य कधी बोलले नव्हते आणि एवढी टाळीही कधी घेतली नव्हती.

बाहेर जिन्यात काकांनी मला गाठलं. भयंकर संतापले होते.

"चार लोकांत शोभा करून घ्यायची काय गरज होती?"

"काका, मी लंडनला गेलेय का?"

"ते लोक मानत होते ना? मग तुला काय त्रास होत होता? शेजारी बसलेले गृहस्थ सचिवालयातून रिटायर झालेत. त्यांना काय सांगू मी आता?"

"त्यांना विनोद वाटलाय. काही सांगू नका."

हे पटून काका जरा शांत झाले. मग खिशातून चष्मा काढून त्यांनी नातवाच्या प्रवेशाचं बघितलं आणि माझ्यासमोर त्याचं नाव घातलं. फक्त जाताना डायरेक्टर सरांना विचारून घेतलं की शिकवायला आणखी कुणी आहे का, बाहेरचं.

त्या दिवशी बॅच भरली, शिवाय प्रतीक्षायादीत लोक उरले. मला वाटलं होतं काढून टाकतील. डायरेक्टर सर समोशाची बशी घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मैडम, कमाल कर दिया. हर डेमो में यही बोलिए. मैं लंदन बोलूँगा, आप मना कीजिए, फिर मैं ह्यूमर बोलूँगा."

मी समोसा खाऊन नोकरी सोडली.

घरी येऊन सगळं सांगितलं. आई हसली, मग तिनं हसू आवरलं, कारण नोकरी गेली होती. बाबा हात धुऊन पानावर बसले. मग विचारलं, "आधी ती पाच मिनिटं बोललीस, ती इंग्लिशमध्येच ना?"

"हो."

"दादा समोर बसलेला असताना?"

"हो."

"कुठे अडलं नाही?"

"नाही, बाबा."

"मग वाढ," ते आईला म्हणाले.

*

पुढे बी.एड. केलं आणि अयोध्या नगरातच एका शाळेत लागले. आता नववी-दहावीला शिकवते. शाळेत मला 'इंग्लिशवाली मॅडम' म्हणतात, आणि इंग्लिशवाली मॅडम म्हणजे काय ते पदवीच्या वेळी कुणी सांगत नाही. बस उशिरा येणार असेल तर सूचना मी लिहायची. प्रमुख पाहुणे आले की स्वागताचं भाषण मी लिहायचं, पाहुण्यांचं उत्तराचं भाषणही मीच लिहायचं, आणि मग दोघांनी एकमेकांची केलेली स्तुती शेवटच्या रांगेत बसून ऐकायची. हल्ली हेही काम कमी झालं आहे. प्राचार्य मजकूर मोबाइलकडून लिहून घेतात आणि मला म्हणतात, "बस, थोड़ा इंसानों जैसा कर दीजिए." माझ्या पदवीचं इतकं अचूक वर्णन विद्यापीठालाही जमलं नसतं.

मॅडमची नोकरी मध्यंतरी गेली. त्यांच्या जागेवर कायम नोकरीतले कुणी बदलून आले, की पाहुण्यानं उठायचं असतं. कचेरीच्या भाषेत याला 'फॉलन आउट' म्हणतात. जन्मभर इंग्लिश शिकवलेल्या बाईला शेवटी कचेरीनं दोन शब्दांचं इंग्लिश ऐकवलं, आणि त्यातही कर्ता नव्हता. मी भेटायला गेले तेव्हा त्या रडत वगैरे नव्हत्या. घराच्या वरच्या दोन खोल्यांना रंग देत होत्या. साकेत नगरात मोठं रुग्णालय जवळ असल्यानं बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक खोल्या शोधत फिरतात. मॅडम त्यांना खोल्या भाड्यानं देणार होत्या.

"साहित्य ने जितना नहीं दिया, उतना ये दो कमरे दे देंगे," त्या म्हणाल्या आणि मला ब्रश दिला.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी त्यांच्याकडे गेले होते. वरच्या खोलीत बैतूलकडची एक बाई राहत होती, नवऱ्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी आलेली. तिकडे मराठी बोलतात, वऱ्हाडीच्या जवळची. मी मराठी आहे हे कळल्यावर ती जिन्यातच बसून घडाघडा बोलायला लागली. नवऱ्याच्या पोटाची तपासणी एका खासगी सेंटरमध्ये झाली होती. कागद हातात दिले होते. काय निघालं हे विचारलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट में लिखा है." रिपोर्ट इंग्लिशमध्ये. तिच्या भावानं गावाहून फोनवर सांगितलं होतं की एवढे कागद दिले म्हणजे कॅन्सर असणार. दोन रात्री ती झोपली नव्हती.

मी कागद पाहिले. शब्द वाचता येत होते, पण वैद्यकातलं मला काय कळणार? मॅडमनीही पाहिले आणि चपला घातल्या. "चलो, पूछकर आते हैं."

सेंटर जवळच होतं. आम्ही तिघी गेलो. ती बाई पुढे होती. काउंटरमागच्या केबिनमध्ये डॉक्टर बसले होते, तरुण, मोबाइल बघत. तिनं हात जोडून तोच प्रश्न पुन्हा विचारला, हिंदीत. "साहब, मेरे आदमी को क्या निकला?"

"बताया ना, रिपोर्ट में लिखा है. अपने डॉक्टर को दिखाओ." मोबाइलवरून नजर हलली नाही.

मॅडम पुढे झाल्या. ओढणी डोक्यावरून काढली आणि इंग्लिशमध्ये, त्यांच्या त्या सावकाश, स्वच्छ इंग्लिशमध्ये, तोच प्रश्न विचारला. शब्दही जवळजवळ तेच. या गृहस्थांना काय निघालं आहे?

डॉक्टर उभे राहिले. मोबाइल पालथा ठेवला. "प्लीज, मॅम, बसा ना," म्हणून खुर्ची ओढली. आणि मग कागदावर पेन टेकवून, चित्र काढून समजावून सांगितलं. पित्ताशयात खडे आहेत, सूज आहे. ऑपरेशन लागेल, पण घाबरण्यासारखं काही दिसत नाही. कॅन्सर? नाही नाही, तसं काहीच नाही यात.

इंग्लिश शिकून काय मिळतं, असं लोक मला वर्षानुवर्षं विचारत आले आहेत. हे मिळतं. खुर्ची मिळते.

मी वळून त्या बाईला मराठीत सांगितलं. कॅन्सर नाही म्हटल्यावर ती भिंतीला टेकली. पदरानं तोंड पुसलं. थोड्या वेळानं मॅडमकडे बघून तिनं मला विचारलं, "ताई, ह्या बाईनं काय इचारलं त्याले?"

"तुम्ही विचारलं तेच."

तिनं डॉक्टरांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "मंग मले काऊन नाई सांगतलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे एम.ए. होतं, बी.एड. होतं, पण याचं उत्तर देणं माझं काम नव्हतं. मी डॉक्टरांकडे वळले आणि हिंदीत म्हटलं, "ये पूछ रही हैं कि इन्हें क्यों नहीं बताया."

डॉक्टर इंग्लिशमध्ये सुरू झाले. प्रोसीजर असते, गर्दी असते, सगळ्यांना समजावणं शक्य नसतं.

"मुझे नहीं," मी म्हटलं. "इन्हें बताइए. हिंदी में."

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि त्या बाईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या कडेला बसली, अवघडून, पिशवी मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं. दारात मॅडम उभ्या होत्या. मग त्यांनी तो कागद फिरवून तिच्यापुढे केला आणि हिंदीत पहिल्यापासून सांगायला लागले. ती ऐकत राहिली. सांगून झाल्यावर तिनं विचारलं की खडे कशानं होतात. मग विचारलं की तोवर त्याला काय खायला घालायचं. मग ऑपरेशन बैतूलला होईल की इथेच. मग आणखी एक काहीतरी, जे आधीच विचारून झालं होतं. डॉक्टर प्रत्येकाचं उत्तर देत गेले.